शेकेरच्या हातातली वाटी

पिराच्या थडग्यामागच्या, म्हणजे मझारामागच्या कुरणावर घोडे, गाढवं आणि जुनाट मोटारींची अशी दाटी झाली होती, की मेंढ्यांना चरायला जागा उरली नव्हती. नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या मोठ्या तंबूत शेकेर बसली होती. तिच्या तळहातावर पाण्याची वाटी होती आणि वाटीतलं पाणी थरथरत होतं. वारा नव्हता, कुणी धक्का दिला नव्हता. ती काहीतरी बोलत होती, पण शब्द जड आणि एकमेकांत मिसळलेले.

“अरबाक आलेत,” शाम्बेत डोळे मिटून म्हणाला. “साऱ्या पिढ्यांचे पितर एकाच जिभेवर बसलेत. दाटी होते, म्हणून शब्द अडखळतात.”

“माझ्या आज्याचीही जीभ अशीच जडायची,” गावातले मोल्दोकुल आजोबा कुजबुजले. “पण तो प्यायचा.”

बायकांनी त्यांना गप्प केलं.

शाम्बेत पूर्वी गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली होता. त्याच्या सुईनं मेंढ्या मेल्या, मेंढपाळांनी त्याला हाकललं, आणि त्यानंतर त्याचे डोळे उघडले. आता सगळं खोरं त्याला ‘उघड्या डोळ्यांचा’ म्हणत असे. त्याचे नियम सोपे होते. डॉक्टरच्या गोळ्या मझाराजवळच्या खड्ड्यात पुरायच्या. सकाळपर्यंत भूमी त्या गिळायची आणि खड्डा रिकामा दिसायचा. मेंढीच्या कातड्यांखाली घाम गाळायचा. त्यानं दिलेलं मुळीचं पाणी प्यायचं. आणि मीठ बंद, चहातलंसुद्धा. “मीठ मेंढ्यांनी चाटावं. पितर खारट जिभेवर बसत नाहीत,” तो म्हणायचा. मुळीचं पाणी प्यालेल्यांची रात्रभर खडकांमागे धावपळ व्हायची आणि सकाळी सुजलेले पाय उतरलेले असायचे, कमरपट्टे सैल झालेले असायचे. मोल्दोकुल आजोबांचेही पाय उतरले होते, म्हणून तर ते थट्टा करूनही रोज येत.

शेकेरची धाकटी बहीण अनारकान तंबूच्या दाराशी उभी होती. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. सहा वर्षांपूर्वी शेकेर झोपेशिवाय दिवसेंदिवस गात, भांडत, घरातलं सामान वाटत सुटली होती. नंतर कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडली होती. शहरातल्या डॉक्टरांनी लिथियम दिलं आणि ती सावरली. गोळ्यांमुळे हातांना किंचित कंप तेवढा राहिला. घरच्यांनी गावात सांगितलं, गोळ्या गलगंडाच्या आहेत. गलगंड त्या खोऱ्यात कुणालाही होतो, त्यामुळे कुणी अधिक विचारलं नाही.

वसंतात शाम्बेत घरी चहाला आला, शेकेरच्या हातातली वाटी हलताना त्यानं पाहिली आणि ठरवून टाकलं: हिला पितरांची हाक आलीय. आई त्या दिवशी किती रडली. “आपली पोर वेडी नव्हतीच गं,” ती अनारकानला म्हणाली. “निवडलेली होती.” अनारकानच्या तोंडून विरोधाचा शब्द निघाला नाही. आईला इतकं ताठ मानेनं चालताना तिनं फार दिवसांनी पाहिलं होतं. औषध अचानक तोडलं तर आजार उलटतो, हे मात्र तिला ठाऊक होतं. तिनं खड्ड्यात थोड्याच गोळ्या टाकल्या आणि उरलेल्या रोज गुपचूप बहिणीला देत राहिली. आपण शहाणपणाच केला, असं तिला वाटत होतं.

शेकेर उठायला गेली. पाय भलतीकडे पडले. ती भेलकांडली आणि नमद्यावर ओकली.

“शिवू नका,” शाम्बेत ओरडला. “पितर वाट करताहेत.”

“एजे, ताई, माझ्याकडे बघ,” अनारकान तिच्याशेजारी बसली. “आज वार कोणता?”

शेकेरनं ओठ हलवले, पण वार सांगता आला नाही.

“आजोबा, गाडी काढा,” अनारकान म्हणाली.

“आणि पितर?”

“त्यांना चालत येऊ देत.”

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टर उमसुनाय यांनी विचारलं, “औषधं कोणती चालू आहेत?”

“गलगंडाची,” आई सवयीनं म्हणाली.

डॉक्टरांनी शेकेरच्या गळ्यावरून हात फिरवला. “गलगंड तर नाही.”

दालनात मोल्दोकुल आजोबा होते, गावातली एक परिचारिका होती. अनारकानच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. “लिथियम,” ती म्हणाली. “मी देते. चोरून.”

“शेवटची रक्ततपासणी कधी केली?”

“नाही केली. तिथे गावचं कुणी भेटलं असतं तर...”

सलाईन लावलं, गोळी थांबवली. रक्तात लिथियम फार चढलेलं होतं आणि पोटॅशियम उतरलेलं. डॉक्टर म्हणाल्या, “लिथियम आणि मिठातलं सोडियम, मूत्रपिंडाला दोन्ही सारखीच वाटतात. मीठ-पाणी कमी पडलं की ते मीठ धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही. तुम्ही मीठ तोडलंत, घाम काढलात. पण या पोटॅशियमवरून वाटतं, हिला लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही कुणीतरी दिल्यात.”

“गोळ्या नाहीत, मुळीचं पाणी,” मोल्दोकुल आजोबा म्हणाले. मग त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. “डॉक्टरीणबाई, माझ्या रक्तदाबाच्या गोळीनंही अशीच लघवीला धावपळ व्हायची, पाय उतरायचे. मी ती पुरलीय त्या खड्ड्यात.”

दोन दिवसांनी शेकेरला वार सांगता आला, तेव्हा अनारकान आणि आजोबा फावडं घेऊन मझारापाशी गेले. गर्दी होतीच. खड्डा खरंच रिकामा होता. आजोबांनी तंबूमागचा राखेचा ढीग उपसला. त्यातून फाडलेल्या, अर्धवट जळालेल्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. बहुतेक म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या, लघवीच्या. शेजारी पांढरट पूड लागलेला खलबत्ता होता.

“भूमी गोळ्या गिळते,” आजोबांनी विचारलं, “आणि पट्ट्या सोलून चुलीत टाकते, गोळ्या कुटून आम्हालाच मुळीच्या पाण्यातून पाजते होय रे शाम्बेत?”

शाम्बेत पितरांच्या रागाविषयी काही बोलू लागला, पण लोक आपापल्या पट्ट्या ओळखण्यात गुंतले होते. तो घोड्याकडे सरकला. कुणी अडवलं नाही.

“पण त्या थरथरत्या हाताचं काय?” एका बाईनं विचारलं. “आम्ही डोळ्यांनी पाहिलं.”

अनारकानला पळून जावंसं वाटलं. “माझ्या बहिणीला मनाचा आजार आहे,” ती म्हणाली. “तिच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढलं आणि विष चढलं. तुम्ही ज्याला नमस्कार करत होता, ती विषबाधा होती. आणि ती गोळी रोज मी देत होते.”

“म्हणजे गोळीच विषारी,” ती बाई म्हणाली. “फेकलेलीच बरी.”

“नाही. त्याच गोळीनं तिला सहा वर्षं सांभाळलं. पण ती मोजून घ्यावी लागते. रक्त तपासावं लागतं. मीठ, पाणी एकदम तोडायचं नाही, उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरकडे जायचं. दुसरं काहीही घेताना, अगदी मुळीचं पाणीसुद्धा, आधी त्यांना विचारायचं. मनानं बंद करायची नाही आणि कुणाच्या हाकेवर पुरायची नाही. यातलं काहीच अवघड नव्हतं. फक्त आजाराचं नाव सांगावं लागलं असतं.”

“मग सांगितलं का नाहीस?” मोल्दोकुल आजोबांनी विचारलं. आवाजात टोचणी नव्हती.

“लाज वाटायची.”

“आणि आता?”

“आता जास्त वाटते,” अनारकान म्हणाली. “तेव्हा भलत्याच गोष्टीची वाटत होती.”