शेवटचा मेकअप

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली ती हे नवंच खूळ घेऊन. शहाद्याच्या इंग्रजी शाळेनं व्हॉट्सअ‍ॅपवर फतवा काढला: शुक्रवारी हॅलोविन, मुलांनी भूत बनून यावं. फी आम्हीच भरायची आणि लेकरांची भुतंही आम्हीच करायची! ब्राह्मणपुरीत पार्लर माझं एकटीचं, त्यामुळे आठवडाभर गल्लीतल्या आया माझ्याच दारात. माझे हात नवऱ्या सजवायचे, पण नाही म्हटलं तर गावात राहायचं कसं?

भुतं घरच्या सामानातच उरकली. मैदा आणि डिंक कालवून जखमा, बीट उकळून गुळाच्या पाकात घातलं की रक्त, केळीच्या वाळक्या पानांचे झगे. माझा लेक भूपेश तोंडाला राख फासून सकाळीच ओसरीत आरडत फिरत होता. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घरमा दुःख शे, आन तुम्हले भूत सुचस!"

त्यांचं चुकत नव्हतं. पोळ्याच्या आठवड्यात माझी थोरली जाऊ काजल गेली. साधी कावीळ म्हणता म्हणता सुरतेला नेली, आणि अँब्युलन्समधून आणली ती झाकूनच. सवाष्ण गेली म्हणून हळद, कुंकू, हिरव्या बांगड्या, लग्नातला शालू. चेहरा मात्र पिवळा पडून सुजला होता. बायका म्हणाल्या, प्रतिभा, तूच बस. मी पेटी घेऊन बसले आणि तिला पुन्हा काजल करून उठले. तिच्या आठ वर्षांच्या रुचिकाला नवनीतदादांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, आधीच मामाकडे पाठवून दिलं होतं. पोरगी घाबरेल म्हणाले. सगळ्यांना पटलं. त्या दिवशी आमच्या घरात शहाणपणाला नुसता ऊत आला होता.

रुचिका शुक्रवारी सगळ्यात शेवटी आली. गणवेश नाही, केस मोकळे, हातात काजलचा कपाटातला दुसरा शालू. पार्लरच्या खुर्चीत चढून बसली.

"कोणतं भूत बनवू तुले?" मी विचारलं.

"मम्मी," ती म्हणाली. "मम्मीले शेवटलं तूच सजाडं ना? आजी सगळास्ले सांगस, प्रतिभानी तिले नवरीसारखी सजाडी. सगळास्नी देखं. मीच नही देखं. तसंच मन्हा तोंडवर कर."

असलं काही करत नसतात, अशुभ असतं, असं मी रागावून म्हणाले. ती रडली नाही की हट्टाला पेटली नाही. "भूत म्हंजे मरेल माणूस ना, काकी?" एवढंच म्हणाली आणि आरशात बघत बसून राहिली. तिला शाळेत जायचंच नव्हतं. तिला तिची आई बघायची होती. सांगा, कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

मी दार लोटून घेतलं. क्रीम लावलं, त्यावर हळद. भुवया जरा रुंद केल्या, हनुवटीवर काजलसारखा तीळ रेखला. मळवट भरला. बांगड्या तिच्या मनगटातून घसरत होत्या, त्या वर कोपरापाशी सारल्या. शालू खांद्यावरून ओढून घेतला. हात सगळं आपोआप करत होते, आणि त्या हातांची मला किळस येत होती. काजलचं हसणं, चिडणं काही केल्या आठवेना, हीच एक तोंडओळख तेवढी बोटांत राहिली होती.

"व्हयनं," पेटी मिटून मी म्हणाले.

"नाकमा कापूस ऱ्हास. आबा गयात तवय मी देखेल शे."

मी कापसाचे दोन बोळे वळून तिच्या नाकपुड्यांत बसवले. कपाशीच्या मुलखात राहते मी, पण कापसाला हात लावताना इतकं जड कधी वाटलं नव्हतं. रुचिकानं डोळे मिटले, हात छातीवर ठेवले. मग डोळे न उघडता बारीक आवाजात म्हणाली, "काकी, डोया मिटात का मले दिखत नही."

म्हणून मी मोबाइलवर तिचा फोटो काढला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, बोटांनी मोठा केला, कपाळ बघितलं, ओठ बघितले. मला वाटलं होतं किंचाळेल. तिचा चेहरा उलट निवल्यासारखा झाला.

तेवढ्यात तिला शाळेत सोडायला आलेले नवनीतदादा दार ढकलून आत आले. गाडीची किल्ली हातात तशीच. तिला पाहिलं आणि मागं सरले.

"पप्पा, मम्मी आशीच दिखी ऱ्हायनी व्हती ना?" तिनं फोन पुढे केला. "इतली चांगली! मंग मले का बरं दखाडी नही? मी घाबरती नही."

दादांनी फोनवरची नजर वळवली. मला आठवलं, शेवटचं कुंकू नवऱ्यानं लावायचं, तेव्हाही दादा असेच मान फिरवून उभे होते. मीच त्यांचं बोट धरून तिच्या कपाळावर टेकवलं होतं. बायकांना वाटलं, रडू आवरतायत.

"मले मालूम नही, बेटा," ते म्हणाले. "मी देखं नही. मीच घाबरी गयथू."

रुचिका खुर्चीवरून उतरली. पायात शालू अडकत होता, तो एका हातानं वर धरून ती त्यांच्यापाशी गेली आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"मंग आते देख," ती त्यांना बिलगून म्हणाली. "मी शे ना आठे."