तीन वेळा जिना

आताच्या मशीनवर बाळाचं नाक, ओठ इतके स्वच्छ दिसतात, की ते कोणावर गेलंय यावरून आईबाप तिथल्या तिथे भांडायला लागतात. निवृत्तीला आलेल्या सोनोग्राफीच्या बाईंना त्याचं कौतुक आहेच. पण विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांचं मन हटकून जातं ते बत्तीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. खिडकीला काळं कापड, कुरकुरणारं टेबल आणि स्क्रीनवर नुसतं धुकं.

तेव्हा बाईंना प्रॅक्टिस सुरू करून जेमतेम दोन वर्षं झाली होती. शिवणकाम करणारी एक ताई दहाव्या आठवड्यात तपासायला आली. दोन डोकी दिसली आणि बाईंचा हुरूप उतू गेला. "जुळं आहे! अभिनंदन!" दोघांच्या मधला पातळ पडदा शोधायचा असतो, तो शोधायचाच राहिला.

अठराव्या आठवड्यात ताई पुन्हा आली, सोबत थोरली जाऊ. बाईंनी पोटावर प्रोब फिरवला. पडदा कुठेच नव्हता. दोन्ही डोकी एका पातळीवर, समोरासमोर. एक बाळ हललं की दुसरंही हले. छातीपासून बेंबीपर्यंत दोघांमधली रेघच सापडेना. हृदयाच्या जागी एकच फडफड.

बाईंनी प्रोब खाली ठेवला. शेजारच्या खोलीत जाऊन त्यांनी आपल्या सरांना फोन लावला.

"घाबरलीस?"

"हो, सर. आधी मीच चुकले."

"चुकीचं नंतर बघू. आधी आईला जिना चढ-उतार करू दे, मग कुशी बदलून निजव. पोरं आपापल्या वाटेने गेली, तर नुसती गळ्यात गळा घालून बसलीत. नाही गेली, तर जोडलेली आहेत. आणि हृदय एक की दोन, ते कळल्याशिवाय तोंड उघडू नकोस. दोन असतील तर सर्जनला वाव आहे. तीनदा बघ."

बाई परत आल्या. "ताई, जरा जिना चढून-उतरून या."

जाऊबाई उसळल्या. "गरोदर बाईला जिना? बाकीचे डॉक्टर पडून राहायला सांगतात, तुम्ही शर्यत लावताय!"

"चला हो," ताई म्हणाली, "तुमचंही वजन उतरेल."

पहिल्या फेरीनंतर बाळं जशीच्या तशी. दुसऱ्या फेरीनंतर, डाव्या कुशीवरही तशीच. ताई टेबलावरून उठेना.

"बाई, मी माप घेताना गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, टेप बघते. तुम्ही मघापासून माझं तोंड बघताय. काय असेल ते सांगा."

बाईंना राहवलं नाही. "बाळं जोडलेली आहेत. मागच्या वेळी मी बघायला हवं होतं, बघितलं नाही. माझी चूक."

ताईने विचारलं, "कुठून कुठपर्यंत?"

"छातीच्या खालच्या टोकापासून बेंबीपर्यंत. यकृत दोघांत एकच दिसतंय."

"ते कापता येतं?"

"येतं. पण हृदयही एकच असेल तर नाही. ते अजून मला नीट दिसलेलं नाही."

"मग मला निजवून काय ठेवलंय? जिना कुठे पळून गेलाय का?" पायात चपला सरकवून ताई स्वतःच निघाली. जाऊबाई पदर खोचून मागे.

तिसऱ्या वेळी, उजव्या कुशीवर, दोन्ही अंगं पुस्तक उघडावं तशी किंचित मागे कलली. फडफड दुभंगली. बाईंनी एका बाळाचे ठोके मोजले, एकशे बावन्न. दुसऱ्याचे एकशे अडतीस. पुन्हा मोजले. एक हृदय दोन चालींनी चालत नाही.

"दोन आहेत."

"नक्की? की मागच्यासारखंच?" जाऊबाईंनी विचारलं.

"या, तुम्हीच बघा."

जाऊबाईंनी स्क्रीनला नाक लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

मग मोठ्या हॉस्पिटलात हृदयाचे डॉक्टर, मुलांचे सर्जन. त्यांनी धोके सांगितले, गर्भ इथेच थांबवण्याची वाटही सांगितली. ताईने दोन दिवस घेतले आणि म्हणाली, "पुढे जाऊ." त्यानंतर दर मंगळवारी ती बाईंकडे यायची. जिन्यावर कुरकुरणाऱ्या जाऊबाई खोलीत शिरताच म्हणायच्या, "आधी ठोके दाखवा, बाकीचं मागाहून." त्या मंगळवारांसारखे मंगळवार बाईंना पुन्हा मिळाले नाहीत.

पस्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं, दोन्ही मुली. चौथ्या महिन्यात सात तासांचं ऑपरेशन. यकृताचे दोन भाग झाले आणि दोघी दोन खाटांवर आल्या. पण धाकटीची जखम भरून येईना, दोन महिने सगळ्यांचा जीव टांगणीला होता.

मुली घरी गेल्यावर तीनेक आठवड्यांनी, भर दुपारी फोन आला.

"बाई, थोरलीला ताप आलाय!" ताईचा आवाज हसत होता.

"आणि धाकटीला?"

"तिला काही नाही! खडखडीत! पायाचा अंगठा चोखत पडलीय. आजवर आला की दोघींना यायचा. पहिल्यांदाच एकटीला आलाय, बाई!"

"अहो, मुलांच्या डॉक्टरांना दाखवलंत का?"

"निघालेच. आधी तुम्हाला कळवलं."

मागून जाऊबाईंचा आवाज आला, "अगं, पोर तापाने फणफणलीय आणि दात काय काढतेस? रिक्षा दारात उभी आहे!"