मला कुणी विचारलं नव्हतं

मित्रांनो, माझं नाव कवड्या. माणगावहून महामार्ग सोडून डोंगराकडे वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या रावजींच्या गोठ्यात मी जन्मलो आणि तिथेच म्हातारा झालो. तांबड्या अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, म्हणून हे नाव. आता मला नांगराला जुंपत नाहीत. दिवसभर दावणीला उभा असतो आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांचा हेवा करतो.

ही खोड फार जुनी आहे. मी ऐन मस्तीतला खोंड होतो. एका सकाळी चौघांनी मला दोरांनी बांधून आडवं पाडलं. गुरांच्या डॉक्टरांनी रावजींना विचारलं, "करायचं ना?"

रावजी म्हणाले, "करा. त्याबिगर नांगराला चालत न्हाय."

मग लोखंडी चिमटा लागला, मला खच्ची केलं आणि खोंडाचा मी बैल झालो. दुखणं काही दिवसांनी ओसरलं. पण त्याच वर्षी शेजारच्या हरीने आपला खोंड शर्यतीसाठी तसाच राखला. त्याला अंडी, त्याला तूप, त्याच्या कपाळाला गोंडा. तो डुरकत रस्त्याने गेला की माझ्या तोंडातलं गवत कडू होत असे.

तरी मी कामाला चोख होतो. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलातून माझ्यासारखा नांगर कुणी ओढत नाही, असं रावजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांची बायको सोनूबाई कापणी संपली की माझ्या शिंगांना तेल लावत. मग घरात नांगरणीचं यंत्र, पॉवर टिलर आला. तो धूर ओकतो, चार महिने काम करतो आणि आठ महिने झोपतो. तरी त्याला नवी ताडपत्री पांघरतात. माझ्या गोठ्याची कौलं फुटकी ती फुटकीच.

एकच माणूस माझं राहिलं होतं, ते म्हणजे रावजींचं धाकटं लेकरू. जन्मल्यावर त्याचं नाव पूनम ठेवलं होतं. सगळे त्याला मुलगी म्हणत. ते मात्र लहानपणी माझ्या पाठीवर बसून म्हणायचं, "मी पोरगा हाय." मोठेपणी त्याने साहिल हे नाव घेतलं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शनं सुरू केली. आवाज जाड झाला, हनुवटीवर दाढी आली. घरात आधी रडारड झाली. मग सोनूबाई त्याला साहिल म्हणू लागल्या, आणि पुढे रावजीही. मला याचाही हेवा वाटला. आपण कोण आहोत हे स्वतः सांगता येतं आणि लोक ते ऐकतात, हे मला माहीतच नव्हतं.

साहिल अवजड गाडी चालवायला शिकला. उरणला कंटेनरच्या एका यार्डात त्याची नोकरी जवळजवळ ठरली. त्याच्याकडे सरकारी ओळखपत्र होतं, पण त्यावर 'तृतीयपंथी' असं लिहिलेलं होतं. तिथले साहेब म्हणाले, "पुरुष ड्रायव्हरांच्या खोलीत राहायचं तर 'पुरुष' लिहिलेलं आण." साहिल अलिबागच्या कचेरीत गेला. तिथे कळलं की तेवढा एक शब्द बदलायचा तर शरीर बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती केल्याचा रुग्णालयाचा दाखला लागतो.

त्या संध्याकाळी गोठ्याबाहेरच बोलणं झालं.

"मग करून टाक ते आपरेशन," रावजी म्हणाले. "एकदाचं मिटंल."

"बाबा, मी कोण हाय ते मला ठावं हाय, तुमाला ठावं हाय. मला हाय तेच अंग चालतंय. त्या सायबाला पटवायला कापून घेऊ?"

"नोकरी जाईल त्याचं काय?"

वडिलांच्या शब्दाखातर साहिल मुंबईच्या रुग्णालयात जायला तयार झाला.

तो गेला त्या दिवशी मी पोटभर चारा खाल्ला. मला वाटलं, मी सोसलं, आता यालाही कळेल. दावणीला जोडीदार मिळावा तसा आनंद मला झाला होता.

संध्याकाळी तो शीळ घालत परत आला. त्याची चाल पाहूनच मला कळलं, याला कुणी हात लावलेला नाही. समोर हिरवा चारा पडला, मी तोंड लावलं नाही. मला बरं नाही असं समजून साहिल माझ्याजवळ बसला आणि मानेखाली खाजवू लागला. रावजी दारात उभे होते.

"डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या," साहिल सांगू लागला. "त्यांनी इचारलं, हे तुला हवंय की कागदाला हवंय? मी म्हटलं, कागदाला. तर म्हणाल्या, कागदाला हवंय म्हणून मी सुरी धरणार नाही."

मित्रांनो, त्याला विचारलं. तेवढंच ऐकून मी त्याच्या हाताखालून मान काढून घेतली.

रावजी आत आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "ह्या मुक्या जनावराला मी दोरांनी धरून पाडला व्हता. तुला न्हाय धरायचा, पोरा. ऱ्हाऊदे ती नोकरी."

इतक्या वर्षांनी त्यांना माझी आठवण झाली, आणि तीही त्याला सोडवायला.

यार्डातली नोकरी गेलीच. साहिल महिनाभर भातझोडणीला लोकांकडे जात होता. पुढे उरणच्या नीराबाईंनी त्याला कामावर घेतलं. त्यांच्या स्वतःच्या मालगाड्या आहेत. ओळखपत्र बघून त्या म्हणाल्या, "माझी गाडी काय हे वाचून चालते? घाट उतरवून दाखव." त्याने उतरवून दाखवली. आता तो सुट्टीला घरी येतो, माझ्यासाठी पेंड आणतो. पण रस्त्यात कुणी ओळखपत्र मागितलं की तो शब्द अजून टोचतो, असं तो आईला सांगतो. तो शब्द काही बदललेला नाही.

मित्रांनो, खोंडाला विचारून कुणी त्याचा बैल करत नाही. माणसाला तर बोलता येतं. एका शब्दाच्या बदल्यात त्याचं अंग मागू नका. आधी त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर वाट सोडा. मी त्याचा हेवा करत राहीन. ते माझं मी बघून घेईन.