दाजींची लांबलेली कबुली

नाकासमोर चालणाऱ्या माणसांवर माझा कधीच विश्वास बसला नाही. आणि दाजी तर आयुष्यभर इतके नाकासमोर चालले, की कुठेतरी पाणी मुरतंय याची मला खात्रीच होती.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान; मी पहिल्यापासून राहिले ती त्यांच्याच घरी. धंद्याने सुतार, खुर्च्यांचे सुतार म्हटलं तर जास्त बरोबर. दारू नाही, पत्ते नाहीत, परक्या बाईकडे मान वर करून बघणं नाही. सकाळी दुकान उघडण्याआधी चर्च. संध्याकाळी सगळ्या पोरांना ओळीने गुडघ्यांवर बसवून जपमाळ. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपली की ताईचा हात धरून चालत घरी. हात धरून! नातवंडं लग्नाला आली तरी. मी कारखान्याच्या फाटकावर बायकांच्या पिशव्या तपासण्यात उभी नोकरी काढली. जिची पिशवी सगळ्यात नीट लावलेली, तिच्याच डब्याखाली सुताची रिळं सापडायची. मग दाजींसारख्या नीटनेटक्या माणसाकडे मी दुसऱ्या कुठल्या नजरेने बघणार होते?

शिवाय माझ्याकडे पुरावा होता. शनिवारचा.

शनिवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पापकबुली असते. भिंतीला लागून एक लाकडी कबुलीघर आहे, कपाटासारखं. मध्ये जाळी, दोन्ही बाजूंना पडदे. एका बाजूला पडद्याआड फादर बसतात, दुसऱ्या बाजूला आपण गुडघे टेकून कुजबुजत आपली पापं सांगायची. सांगून झालं की फादर क्षमेचे शब्द म्हणतात आणि आपण मोकळे. ते शब्द कानावर पडल्याशिवाय उठायचं नाही, हे आम्हाला लहानपणीच पढवलेलं. माझं सगळं चटकन उरकतं, आणि मी काही देवदूत नाही. दाजी मात्र गेली काही वर्षं आत गेले की गेलेच. त्यातून नंबर नेहमी शेवटचा. मागून कुणी आलं की बाजूला सरकायचे. "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." लोकांना वाटायचं, काय भला माणूस! मला वाटायचं, मागे ऐकायला कुणी नको, दुसरं काय.

ताई आणि मी बाकावर त्यांची वाट बघत बसायचो. ताई डोळे मिटून जप करायची. मी पडद्याखालून दिसणाऱ्या त्यांच्या बुटांच्या तळव्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे.

"एवढं काय असतं गं सांगायला?" मी विचारायचे.

"त्यांचं आणि देवाचं आहे ते. तुला काय करायचंय?"

एकदा मी दाजींनाच गाठलं. "दाजी, खरं सांगा, एवढी कसली पापं साठतात आठवड्यात?"

त्यांनी दातांतली पेन्सिल काढून कानावर ठेवली आणि हसले. "धंदाच तसा आहे बाई. रंधा अडकला की तोंडातून काय काय जातं."

ताकास तूर लागू दिली नाही. पण रंध्याला दिलेल्या शिव्या सांगायला इतका वेळ लागत नाही, हे मलाही कळतं.

त्यांच्या कामाची तऱ्हाही संशय यावा अशीच. गिऱ्हाईक खुर्ची सांगायला आलं की ते टेप काढायचे नाहीत. गप्पा मारत बसवून घ्यायचे आणि तो माणूस कसा टेकतो, कुठे कलतो, उठताना कशाला धरतो, ते गुपचूप बघायचे. बसणाऱ्याला पत्ता नाही आणि माप घेऊन झालेलं! माझ्यासाठी केलेली खुर्ची घरातल्या सगळ्या खुर्च्यांपेक्षा चार बोटं उंच निघाली, वर हिरवं रेक्झीन. ही सगळ्यांच्या डोक्यावर बसते, असा तो टोमणा आहे हे मी ताबडतोब ओळखलं आणि महिनाभर तोंड फुगवून होते. नंतर केव्हातरी लक्षात आलं, की त्या खुर्चीतून उठताना माझा गुडघा दुखत नाही. मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत.

दुकान घराला लागूनच. स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यामध्ये एक फळ्यांची भिंत. दाजींच्या तोंडात कायम पेन्सिल, म्हणून हाक मारायची सोय नाही. ताई हवी असली की बोटांच्या पेरांनी फळीवर वाजवायचे. ठक ठक. की ताईने हातातलं टाकून "आले, आले!" करत धावायचं. पिठाच्या हातांनी, ओल्या हातांनी, कशीही. कधीकधी मी मागोमाग जाऊन बघायचे. काम काहीच नसायचं. सांधा केसाएवढीही फट न राहता बसला, तो दाखवायला बोलावलेलं. नाहीतर खिडकीत कबुतराने अंडं घातलं म्हणून. पन्नास वर्षं हे चाललं. "काय वेडेपणा आहे," मी म्हणायचे. पण ती परत येताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते बघून मला पुढे बोलवायचं नाही.

तर असे हे दाजी चांगले पिकून, अंथरुणाला फार न खिळता गेले. अंत्यविधीला चर्च ओसंडून वाहत होतं. जो तो सांगत होता, माझ्या आजोबांची खुर्ची त्यांनी केली, माझ्या बाळाची उंच खुर्ची त्यांनी केली. पाच मुलं वाढवली, एकावर कधी हात उगारला नाही. सगळे रडत होते. ताई तेवढी कोरड्या डोळ्यांनी बसली होती, आणि ते बघून माझ्या मनात पाल चुकचुकली.

महिना होत आला तेव्हा स्फोट झाला. मोठ्या मुलाने थडग्यावरच्या दगडासाठी दगडवाल्याला घरी बोलावलं होतं. रीतीप्रमाणे दगडवाल्याने विचारलं, बाईंचं नाव आत्ताच कोरून ठेवू ना, पुढे फक्त तारीख टाकता येईल.

"माझं नाव नको," ताई म्हणाली. "मला वेगळी जागा बघा."

मुलगा हादरला. मी दगडवाल्याला आठ दिवसांनी या म्हणून वाटेला लावलं आणि ताईला आतल्या खोलीत नेलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"ताई, मी पिशव्या तपासणारी बाई आहे."

मग ती बोलली. दाजींच्या शेवटच्या दिवशी दुपारी फादर घरी आले होते, कबुली ऐकायला. दार लोटून घेतलं. ताई बाहेर दाराशी स्टुलावर बसली. दुपार कलली तरी दार उघडेना. फादर बाहेर आले ते खाली मान घालून, तिच्याकडे न बघता निघून गेले. ती आत गेली तेव्हा दाजींना गुंगी चढत होती. दिवेलागणीला शुद्ध गेली, ती परत आलीच नाही.

"शुद्धीतला शेवटचा वेळ होता गं तो," ताई म्हणाली. "मला मिळायला हवा होता. तो त्यांनी कबुलीत घालवला. एवढं काय होतं त्यांच्या मनात? आणि नुसतं बोलत नव्हते. पलंगाच्या फळीवर हात आपटल्यासारखा आवाज आला. एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा. पश्चात्तापाने माणूस हात आपटतो ना? फादरना सांगितलं, मला नाही. तू इतकी वर्षं म्हणत होतीस तेच खरं."

इतकी वर्षं मला हेच वाक्य ऐकायचं होतं. आता ते ऐकवेना. ताई जेवत नव्हती, पलंगाकडे पाठ करून जमिनीवर झोपत होती. काहीही करून या गोष्टीचा छडा लावायचा, मी ठरवलं. दाजींनी दुसरं घर केलेलं निघालं तर निघालं. निदान कुणावर चिडायचं ते तरी कळेल.

दाजींच्या महिन्याच्या मिस्सेची वेळ ठरवायला फादर आले तेव्हा मी त्यांना दारातच अडवलं. आमचे फादर वयाने सत्तरीकडे झुकलेले. मदतीचे तरुण फादर बदलून गेल्यापासून दोन चर्चं आणि दवाखान्यातले आजारी, सगळं एकट्याच्या अंगावर.

"फादर, त्या दुपारी दाजी काय म्हणाले?"

"मावशी, कबुलीतलं मी मरेपर्यंत सांगू शकत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"काय म्हणाले ते नका सांगू. वाईट होतं का, एवढं सांगा."

फादरांचे कान लाल झाले. कानाच्या पाळीपासून थेट टकलापर्यंत. "त्या दुपारबद्दल मला काही विचारू नका," म्हणाले आणि चहा न घेता गेले. फाटकावर असे कान मी खूप पाहिले होते. त्या कानांच्या मालकिणीच्या पिशवीत हमखास काहीतरी असायचं.

शनिवारी मी चर्चमध्ये गेले आणि दाजींच्या जागी उभी राहिले. सगळ्यात शेवटी. मागून दोघी आल्या, त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. बेत असा, की मागे कुणी नसताना फादरांना जाळीतूनच कोंडीत पकडायचं.

चर्च रिकामं झालं. मी गुडघे टेकले, गुडघ्याने शिवी दिली. "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. मी एका मेलेल्या माणसावर संशय घेते आहे, आणि तुम्ही मला मदत करत नाही." मग मी जे सुरू झाले ते शनिवार, बूट, रंधा, हात आपटणं, दगडवाला, सगळं ओतलं. पलीकडून हुं की चूं नाही. ऐकून घेतायत, मला वाटलं. मग जाळीतून आवाज आला. संथ, लांब, मध्येच शिट्टी वाजल्यासारखा.

फादर घोरत होते.

असा संताप आला! उठून चालती होणार होते. पण उठता येईना. क्षमेचे शब्द झाले नव्हते. ते झाल्याशिवाय उठायचं कसं? आणि उठवायचं तरी कसं, दिवसभर आजाऱ्यांच्या उशाशी बसलेल्या म्हाताऱ्याला? गुडघा ठणकत होता, आणि त्या ठणक्यातच डोक्यात लख्ख उजेड पडला. दाजी. शेवटचा नंबर. बुटांचे तळवे.

तरी खात्री केल्याशिवाय सोडेन तर ती मी कसली. उभी राहिले, वळसा घालून फादरांच्या बाजूचा पडदा बोटभर सरकवला. फादर त्यांच्या खुर्चीत एका कुशीवर कलले होते. खुर्चीला डाव्या अंगाला, बरोबर डोकं कलतं तिथे, टेकायला एक लाकडी कान होता. एकाच बाजूला. आत कापूस भरून वर रेक्झीन ठोकलेलं. हिरवं. माझ्या खुर्चीतून उरलेलं.

मी परत जाऊन गुडघे टेकले आणि थांबले. फादर जागे झाले तेव्हा खिडकीच्या काचांतला उजेड गेला होता.

"मावशी," जाळीतून घोगरा आवाज आला, "मला माफ करा."

"आधी तुम्ही मला करा. मी अडकून बसलेय."

त्यांनी क्षमेचे शब्द म्हटले. मग मी विचारलं, "दाजी काय बोलले ते विचारत नाही. तुम्ही झोपला होता का, ते विचारते. झोप काही कबुलीत मोडत नाही."

"ही खुर्ची मी मागितली नव्हती," फादर म्हणाले. "एका सोमवारी आलो तर जुनी जाऊन ही बसवलेली. मी काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत."

"आणि घरी? त्या दुपारी?"

"आदल्या रात्रभर दवाखान्यात होतो. त्यांच्या उशाशी बसलो तो… जागा झालो तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. हसले. मला तुमच्या ताईंना तोंड दाखवायची लाज वाटली, मावशी."

मी जवळजवळ पळतच घरी आले. इतकी वर्षं तपासलेली पिशवी रिकामी निघाली होती आणि मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. ताई दाजींचे शर्ट घडी करत बसली होती. मी एका दमात सगळं सांगितलं. घोरणं, खुर्चीचा कान, हिरवं रेक्झीन. मला वाटलं, ती हसेल.

तिने हातातला शर्ट घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. मग माझ्या खुर्चीच्या हातावर बोटांची पेरं वाजवली. ठक ठक.

"असा होता आवाज," ती म्हणाली.

मला कळायला एक क्षण लागला.

"हात नव्हते आपटत. मला बोलावत होते. फादरांची झोप मोडू नये म्हणून हळू वाजवलं. दोनदा. आणि मी दाराशीच होते गं. हात लांब केला असता तर दार उघडलं असतं. कबुली चाललीय, आत जायचं नाही, म्हणून बसून राहिले." मग ती रडली. महिनाभराचं सगळं.

मला फादरांचा असा राग आला, की परत जाऊन त्यांना हलवून उठवावं. तसं मी म्हणालेही.

"नको," ताई नाक पुसत म्हणाली. "हे असते तर म्हणाले असते, झोपू दे."

दुसऱ्या दिवशी तिने मुलाकडून दगडवाल्याला निरोप धाडला. दोन्ही नावं. खाली-वर नकोत, शेजारी शेजारी.

दगड बसवला त्या दिवशी सगळे प्रार्थना करून पुढे निघाले. ताई मागे रेंगाळली, म्हणून मीही. तिने आपल्या कोरलेल्या नावावरून हात फिरवला, नंतर त्यांच्या. कान देऊन उभी राहिली. आणि अगदी रोजच्या आवाजात, स्वयंपाकघरातून म्हणायची तसं म्हणाली, "आले, आले."

मी तिचा दंड घट्ट धरला. ती आले म्हणाली की हातातलं टाकून निघते, हे मी पन्नास वर्षं बघत आलेय.