खिडकीजवळच्या खाटेची तार

आई गेली ती भर दुपारी. बाबा रिकामा डबा घेऊन इस्पितळातून घरी आले आणि चपला काढतायत तोच फोन वाजला.

तिच्या उशाशी हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र होतं. त्यानं इशारा दिला होता, तो त्याच्या आठवणीत नोंदलाही गेला होता. पण रुग्णांच्या कानाशी किंचाळणं नको म्हणून तिथला आवाज बंद ठेवतात. घंटा वाजते ती वॉर्डाच्या दाराशी, सिस्टरच्या टेबलावर. आणि टेबलावर बसलेल्या सिस्टर म्हणत होत्या, इकडे काही वाजलंच नाही, पडद्यावर आकडे व्यवस्थित दिसत होते. यंत्र म्हणतंय दिला इशारा, बाई म्हणतेय नाही. अशा वेळी लोक यंत्राचं ऐकतात.

बाबांनी तर त्या बाईचा पिच्छाच पुरवला. "डुलकी लागली होती तिला," एवढं एकच वाक्य ते येईल त्याला सांगायचे. तक्रार त्यांनीच केली, चौकशी त्यांच्यामुळेच बसली, सिस्टरना घरी बसवलं तेही त्यांच्याच हट्टानं. सकाळी चूळ भरायच्या आधी मला विचारायचे, "काढलं का तिला?" ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे मान्य. पण आई माझीही होती, आणि मला त्या सिस्टरचं तोंड आठवायचं. आईच्या उशा उंच करून देणारी, मला 'उद्या येताना तिचा कंगवा आणा' म्हणणारी बाई. मी गप्प बसायचे. आमच्या घरात बाबांपुढे गप्प न बसणारं माणूस एकच होतं, आणि ते आता नव्हतं.

बाबा टेलिफोनचे लाइनमन. घरोघरचे फोन बंद पडले, माणसं खिशात फोन घेऊन फिरायला लागली, तेव्हा आम्ही दोघांनी कॉम्प्युटरच्या केबलची कामं घ्यायला सुरुवात केली. काम आम्ही कधीच वाटून घेतलं नाही, ते आपोआप वाटलं गेलं. बाबा केबल ओढायचे, मी टोकं करायची. ते छताच्या पोकळीत शिरून, भिंतीतून, पाइपातून केबल आणून माझ्यासमोर टाकायचे. मी खाली मांडी घालून तिची साल काढायची, आतल्या आठ तारा सरळ करून टोकाच्या प्लास्टिकच्या जॅकमध्ये बसवायची आणि क्रिंपरच्या पकडीनं दाबायची. आई आम्हाला 'वरचे साहेब आणि खालचे साहेब' म्हणायची.

एकदा वरचे साहेब एका ऑफिसचं छत फोडून थेट मॅनेजरच्या टेबलावर उतरले. फाइलींवर बसल्या बसल्या मला म्हणाले, "आईला सांगू नकोस." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ड्रिल हरवलं, आईला सांगू नकोस. शिडीवरून पडलो, आईला सांगू नकोस. मी कधीच सांगितलं नाही आणि तिला कळलं नाही असंही कधी झालं नाही. बाबांच्या केसांतला चुना बघून ती म्हणायची, "आज कुठून पडलात?"

त्या इस्पितळाची, खाटांपासून सिस्टरच्या टेबलापर्यंतची, केबलही आमचीच. म्हणजे बाबांची. ते काम चाललं तेव्हा मी बाळंतपणात होते, म्हणून त्यांनी एकट्यानं सगळं ओढलं आणि टोकंही स्वतःच केली. त्या ओळखीवर त्यांनी आईसाठी खिडकीजवळची खाट मागून घेतली. रांगेतली शेवटची. आईला उजेड आवडायचा.

चौकशीच्या आदल्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या देखभालवाल्यांचा मला फोन आला. "ताई, ती खिडकीजवळची खाट टेबलावरच्या पडद्यावर मधेच गोठते. आकडा हलतच नाही. जरा बघून जाल का? बाबांना नका आणू."

टेस्टर आणि मीटर पिशवीत टाकून मी एकटीच निघाले.

आईच्या जागी आता एक म्हातारी होती. कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली उशाशी घेऊन माझ्याकडे बघत होती. मी खाटेमागचा जॅक काढला, दुसऱ्या टोकाला, सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या स्विचच्या खोलीत जाऊन बाबांचा जुना टेस्टर लावला. एकापासून आठपर्यंत सगळे दिवे हिरवे लागले. आम्ही आयुष्यभर हे हिरवे दिवे बघून घरी गेलोय. पण तो टेस्टर फक्त एवढंच सांगतो की या टोकाची पहिली तार त्या टोकाच्या पहिल्या दाताला पोचली आहे. आत कोण कोणाला पिळून आलंय ते त्याला कळत नाही. मग मी माझं मोठं मीटर लावलं, ते आतल्या जोड्याही तपासतं. ते लाल झालं.

मी जॅक कापून हातात घेतला आणि उजेडात धरला.

केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीतल्या दोघी एकमेकींना पिळून येतात, म्हणून एकीचा गोंगाट दुसरीत जात नाही. जॅकमध्ये मात्र हिरव्या जोडीला फाकवून बसवायचं असतं, एक तार निळ्या जोडीच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. का, ते ज्यांनी नियम केला त्यांना विचारा. पण यंत्रं त्याच जागा धरून बोलतात. इथे चारही जोड्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. टेलिफोनवाल्याच्या हाताला जसं सुचेल तसं. दोन्ही टोकांना तसंच, म्हणून दिवे हिरवे.

उठून सगळ्या खाटांचे जॅक पाहिले. सगळे तसेच. जुनी यंत्रं सावकाश बोलणारी होती, त्यांनी चालवून घेतलं. गेल्या वर्षी नवी आली, ती भरभर बोलतात. जवळच्या खाटांचं तरीही निभावलं. शेवटच्या खाटेची केबल सगळ्यात लांब, तिथे मधेच बोलणं तुटायचं आणि टेबलावरचा पडदा शेवटचा चांगला आकडा धरून तसाच बसायचा. सिस्टर त्या आकड्याकडे बघत बसल्या होत्या. जाग्या होत्या.

"झालं का गं?" म्हातारीनं विचारलं.

"होतंय आजी," म्हटलं. मला बाबांचा राग यायला हवा होता. मला नुसती भीती वाटली. संध्याकाळपर्यंत मी वॉर्डातलं एकेक टोक कापलं आणि नवं केलं. मग तो पहिला कापलेला जॅक कचऱ्याच्या डब्यावर धरून उभी राहिले. टाकला असता तर बाबा वाचले असते आणि त्या बाईची नोकरी गेली असती. शेवटी मी तो खिशात घातला. मी काही फार थोर आहे म्हणून नव्हे. आईला काय सांगितलं असतं, हे मला सुचेना.

घरी बाबा उद्याच्यासाठी शर्टाला इस्त्री करत होते. मी टेबलावर केबलचा तुकडा आणि क्रिंपर ठेवला.

"बाबा, दोन टोकं करून द्या ना."

"मी? माझे डोळे कुठे राहिलेत आता?"

"रंग मी सांगते."

त्यांना बरं वाटलं. किती दिवसांनी कोणी काही काम सांगितलं होतं. चिमटीत तारा धरून ते बोटांनीच पीळ सोडवायला लागले. "टेलिफोनातला पहिला धडा," ते म्हणाले, "जोडीला जोडीशेजारी बसवायचं. नवराबायकोच्या मधे तिसऱ्याला घुसू द्यायचं नाही. तुझ्या आईला मी हेच सांगायचो, तर म्हणायची, मग तुमचा टीव्ही कोण आहे?"

ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिथेच थांबवायला हवं होतं असं मला अजूनही कधीकधी वाटतं.

त्यांनी टेस्टर लावला. आठ दिवे हिरवे. "बघ," ते म्हणाले. मी मीटर लावलं. लाल.

"तुझं मीटर बिघडलंय."

मी टोकं कापली, हिरवी जोडी फाकवून पुन्हा केली आणि मीटर लावलं. आता ते हिरवं झालं. इस्त्री तशीच उभी होती, तिचा दिवा लागायचा आणि विझायचा.

"हे मला का दाखवतेस?"

मी खिशातला जॅक काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी भिंग आणलं. बराच वेळ बघितलं. केबलची साल जॅकच्या आत खोल ओढून घ्यायची त्यांची सवय होती, तारेला झटका बसू नये म्हणून. मला ती त्यांनीच लावली.

"हात माझाच आहे," ते म्हणाले. "कुठला?"

"खिडकीजवळचा."

"ती सगळ्यात लांब पडते."

"हो."

"मीच मागून घेतली ती खाट," बाबा म्हणाले, आणि इस्त्रीचं बटण बंद करून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धवट इस्त्रीचा शर्ट घातला. चौकशीच्या खोलीत लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते, भिंतीशी एका खुर्चीवर त्या सिस्टर, मांडीवर पर्स घट्ट धरून. बाबांना विचारलं, तुमची तक्रार सांगा. बाबांनी जॅक टेबलावर ठेवला.

"ही बाई जागी होती," ते म्हणाले. "तार माझी होती."

मग मला सगळं समजावून सांगायला लावलं, मीटरचे आकडे मागितले, देखभालवाल्यांना बोलावलं. बाबांची पुढे वेगळी चौकशी होईल असं सांगितलं. बाबांनी मान हलवली. सिस्टरना कामावर परत घेतलं.

बाहेर व्हरांड्यात त्या आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी हात जोडले. त्यांना वाटलं असावं, ती शिव्या देईल. मलाही वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं.

"मला वाटायला लागलं होतं की लागला असेल डोळा," सिस्टर म्हणाल्या. "सगळे तेच म्हणत होते. घरी मी कबूलसुद्धा केलं होतं." मग त्या वॉर्डाकडे निघून गेल्या. क्षमा केली की नाही ते काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

रस्त्यावर आल्यावर बाबांना उन्हात दिसेना, म्हणून मी त्यांचा दंड धरला. घराच्या वळणापर्यंत ते तसेच चालले. वळणावर थांबले. खाली मान घालून सवयीनं म्हणाले, "आईला सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हटलं.