टाकीचं विरजण

माझ्या सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, स्वच्छतेचं भारी वेड. आमच्या केनवडच्या घरात माशीसुद्धा बसायला भिते. गोठ्यातल्या म्हशीला वाटत असेल, ही बाई एक दिवस आपल्यालाही घासूनपुसून फडताळात ठेवणार.

अशा बाईचा जीव मात्र शेणाच्या टाकीत. मागच्या अंगणातला गोबर गॅस त्यांनी हट्टानं बांधून घेतला होता. घरात सिलिंडर आहे, पण चहा गोबर गॅसवरच. श्रावण लागायच्या आधी ती शेगडी विझली आणि सासूबाई घरात मयत झाल्यासारख्या बसून राहिल्या. माझ्या नवऱ्याला, ऋषिकेशला, आयतंच निमित्त मिळालं.

"पोळ्यापर्यंत पेटली तं पेटली. नाई तं जेसीबी बलावतो आन् खड्डा बुजवतो. ट्रॅक्टर उभा कराले जागा होईन."

सासूबाई एरवी त्याला सोडत्या का! पण त्या गप्पच राहिल्या, आणि गप्प बसलेल्या सासूबाई मला बघवेनात.

मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. लग्नानंतर त्याचा उपयोग दही लावण्यापुरताच. टाकीतून शेणकाला बाहेर पडतो तिथं मी नाक खुपसलं. आंबूस वास, आणि त्यात आणखी एक ओळखीचा.

"आई, गोठा कशानं धुता?"

"फिनाईलनं. लई माश्या झाल्या होत्या."

"आणि ते पाणी?"

"टाकीत जाते. आनखी कुठं जाईन?"

मुलाच्या, हरीओमच्या, वाढदिवसाचे फुगे उरले होते. एका बाटलीत ताजं शेण कालवलं, दुसरीत टाकीतला काला भरला, दोन्हींच्या तोंडांवर फुगे चढवले आणि बाटल्या छपरावर ठेवल्या. सासूबाई येता-जाता मान वर करून बघायच्या. आठवडाभरात ताज्या शेणावरच्या फुग्यानं बाळसं धरलं. दुसरा तोंड पाडून लोंबतच राहिला.

"ह्याच्यात कोन फुकून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"जीव आहेत, आई. डोळ्यांना दिसत नाहीत. काही शेण आंबवतात, काही त्या आंबटाचा गॅस करतात. गॅसवाले फार नाजूक. फिनाईलनं आधी तेच गेले."

सासूबाईंनी लोंबत्या फुग्याला बोट लावलं. "म्हंजे म्याच मारलं त्याईले?"

आवाज इतका बारीक, की उगाच सांगितलं असं मला झालं. घाईघाईनं म्हणाले, "दह्यासारखंच आहे, नवं विरजण लावता येतं. पण नुसत्या ताज्या शेणावर विसंबलो तर पोळा निघून जाईल. चालू टाकीतला काला हवा."

चालू टाकी जवळपास एकच होती, भिंतीपलीकडची. वैजयंतीकाकूंची, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जावेची. शेताच्या वाटण्या झाल्यापासून दोघींचं बोलणं बंद.

"तिले म्या कधी दह्याचं इरजन मांगतलं नाई," सासूबाई फणकारल्या, "आन् आता शेन मांगू?"

संध्याकाळी मात्र बादली घेऊन त्याच निघाल्या. मी मागोमाग. काकू दारात आल्या आणि बघतच राहिल्या.

"वैजयंती, तुह्या टाकीतलं शेन पायजे," सासूबाई म्हणाल्या. आणि फिनाईलसकट सगळं सांगून टाकलं.

काकूंनी त्यांच्या हातातली बादली ओढून घेतली. "मांगता कायले बाई? माही टाकी नवी होती तवा पयला काला तुमीच तं टाकला होता. तुमच्याच टाकीचं हाय हे."

सासूबाई हे साफ विसरल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगते, माझेही. मग दोघी जावा कोपरापर्यंत बरबटून बादल्या वाहत राहिल्या. हात धुवायची आठवण कुणालाच झाली नाही.

गोठ्यातलं फिनाईल बंद झालं. रोज सकाळी सासूबाई शेगडीला काडी दाखवायच्या आणि काडी नुसतीच जळून जायची. ऋषिकेशनं जेसीबीवाल्याशी बोलूनही ठेवलं.

पोळ्याच्या आदल्या सकाळी शेगडीनं फुस्स केलं. पिवळी जीभ निघाली, थरथरली आणि निळी झाली. ऋषिकेशनं मुकाट्यानं फोन काढला आणि जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलं.

सासूबाईंची नजर त्या ज्योतीवरून हलेना. "निकिता, चहा ठेव," त्या म्हणाल्या. "आन् भिंतीवरून हाक मार तिले. म्हनाव, इरजन लागलं."