जाहिरात संपेपर्यंत

“फोन घरी ठेवून ये, इंदाय. ज्याला काही कळलेलं नाही, त्यानंच माझ्याशेजारी बसायचं,” लोला तिनांगने, म्हणजे तिनांग आजीने, सकाळी चॅपेलच्या पायरीवरच बजावलं होतं. ‘इंदाय’, म्हणजे पोरी, ही हाक ऐकून रोवेनाने मान डोलावली होती आणि फोन लहानग्या लेकाच्या, जंजनच्या, लंगोटांच्या पिशवीत, अगदी तळाशी सारला होता. जंजनला आदल्या दिवसापासून ताप होता. त्याला नणंदेकडे ठेवून ती आली होती, पण पिशवी सवयीने खांद्यावर तशीच राहिली होती.

आता ती पिशवी बाकाच्या लाकडाला टेकून थरथरत होती.

लोला तिनांगने डोळे उघडले नाहीत. जपमाळेचा एक मणी पुढे सरकला. समोर बाळ येशूच्या पायाशी तिच्या लेकाचे जुने हातमोजे ठेवलेले होते. त्यांचं कातडं मेणबत्त्यांच्या धगीने कडेला वळलं होतं. लेकाचं नाव एलिसेओ. घरात इसोय. बाकी सगळ्या देशाला तो ‘लिनोग’ म्हणून ठाऊक होता, म्हणजे भूकंप. आज तो समुद्रापलीकडे अमेरिकेत, आपला जगज्जेतेपदाचा पट्टा राखायला मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरला होता. तो लढत असला की त्याची आई इथे डोळे मिटून बसायची. शेजारच्या बास्केटबॉलच्या कोर्टावर मोठा पडदा लागायचा, सगळा गाव तिथे लोटायचा. तो जिंकला की कोर्टावरून ढोल निघायचा, थेट चॅपेलच्या दारापर्यंत यायचा, आणि गावचे कप्तान, म्हणजे इथले सरपंच, स्वतः हात धरून लोलाला बाहेर न्यायचे. लेक जिंकल्याचं तिला असंच कळायचं. दुसऱ्या कुठल्या वाटेने ते कळलेलं तिला चालत नसे.

गुडघे गेल्यापासून तिला सोबत लागायची. इसोय जंजनचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता होता, म्हणून सोबतीचं काम रोवेनाकडे आलं होतं.

पिशवी पुन्हा थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली. एका तापाच्या पोरासाठी इतके निरोप कुणी पाठवत नाही, हे रोवेनाला कळत होतं. तरी ती पुटपुटली, “जंजनचं दूध बघून येते, लोला.” आणि दूध, बाटली, जंजन यांतलं काहीच जवळ नसताना ती पिशवी छातीशी धरून बाजूच्या दाराने बाहेर पडली.

नणंदेचा एकच निरोप होता. ताप उतरतोय, झोपलाय. बाकी सगळं इसोयच्या चाहत्यांच्या पेजवरून आलेलं. कॉलेजात असताना, इसोयने पहिला पट्टा जिंकला त्या आठवड्यात, रोवेनाने हौसेने ते पेज काढलं होतं. आता दुबईपासून टोरोंटोपर्यंतची लाखो माणसं तिथे जमत. ती अंगठ्याने वर वर सरकवत गेली. सातवी फेरी. मग स्ट्रेचर. मग हॉस्पिटल. शुद्धीवर आला की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारतही फार थोडे होते. ‘देशाचं नाक कापलं.’ ‘घाबरट.’ ‘पट्टा सोड, बायकांचा झगा घाल,’ असं कुणीतरी लिहिलेलं, आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. दोहाहून नवऱ्याने लिहिलं होतं, ‘उद्या लाँड्रीत कामाला कुठल्या तोंडाने जाऊ? तो जिंकला की सुपरवायझर आम्हाला नावाने हाक मारतो. पेजवर काहीतरी टाक लवकर.’

कोर्टावरून माणसं पांगत होती. मोटारसायकली एकेक करून सुरू होत होत्या. ढोल एका कोपऱ्यात पडला होता आणि वाजवणारा त्यावरच बसून केळं सोलत होता. पडद्याखाली लांब टेबलावर भाजलेलं अख्खं डुक्कर, केळीच्या पानांवर, पाठ चकाकत असलेलं.

“उजवा बसला त्याला. एक उजवा आणि खेळ खलास,” ट्रायसिकलवाला बेर्तो सांगत होता.

“उजवा कुठला? डावा. डोळे कुठे होते रे तुझे?”

“माझे जागेवर होते. इसोयचे नव्हते.”

हशा झाला. दुकानवाली नेनेंग बर्फाची पेटी पुसत म्हणाली, “नूडल्सच्या जाहिराती करून कुणाच्या मुठीत जोर राहिलाय? त्या टीव्हीवरच्या पोरी, ते सूट. मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“तेव्हा तू त्याच नूडल्सचे खोके लावले होतेस दाराशी, त्याच्या फोटोसकट.”

“ते धंद्याचं झालं, बेर्तो. मी देशाबद्दल बोलतेय.”

“देशाचंच सांगतो मीही. सहाव्या फेरीपासून मागे सरत होता. पडायचं तर पड बाबा, पण सगळ्या जगासमोर पाठ दाखवतोस? झुंजीत आपला कोंबडा पळाला तर आपण काय करतो? संध्याकाळी रस्सा.”

“मग ह्याचं काय करू या?” कुणीतरी विचारलं, आणि पुन्हा हशा झाला; या खेपेला जरा दबका, कारण रोवेना जवळ येऊन उभी राहिली होती.

“कप्तान,” ती म्हणाली, “लोला आत बसल्यात.”

कप्तान तुर्द हे पोट सुटलेले, एरवी मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी डुकराकडे पाहिलं. “हो. बसल्या असतील.”

“त्यांना सांगायला हवं.”

“तू सांग की, इंदाय. तू शिकलेली. एवढं पेज चालवतेस, तुला शब्द सापडतात.”

“ढोल घेऊन नेहमी तुम्हीच येता.”

“जिंकल्यावर येतो गं.” त्यांनी मानेवरचा घाम रुमालाने टिपला. “तो शेवटचा हरला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. लोलाचा हा चॅपेलचा नेम त्याच्या नंतरचा. हरल्यावर कुणी जायचं, हे कधी ठरलंच नाही.”

केळं खाणाऱ्याने साल कुठे टाकावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

“दुपारी टीव्हीवर दाखवतातच,” कप्तान शेवटी म्हणाले. “बघतील त्यांच्या त्या. तेच बरं. आपण कोण सांगणारे?”

“आणि या डुकराचं काय करायचं, कप्तान?” बेर्तोने विचारलं.

“डुकराला काय माहीत कोण हरलं? कापा.”

रोवेना परत आली तेव्हा लोला तिनांग बाकाच्या पाठीला धरून उभी होती. मेणबत्त्या तिने स्वतःच विझवल्या होत्या. तिने रोवेनाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातातल्या पिशवीकडेही नाही.

“चल,” ती म्हणाली. “भात लावायचाय.”

चॅपेलच्या मागेच तिचं घर. इसोयने बांधून दिलेलं, निळं, गावातलं एकमेव टाइल्सचं. बैठकीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या सकाळीच मांडून ठेवलेल्या होत्या, रांगेने, थेट दारापर्यंत. फुकटच्या चॅनलवर लढत काही तासांनी, जाहिराती घालघालून दाखवत. कोर्टावर सगळं पाहिलेली माणसंही मग इथे येत, कारण लोला ते तेव्हा पहिल्यांदा पाहत असायची. प्रत्येक ठोशाला ते टीव्हीऐवजी तिच्याकडे बघून ओरडत. मागल्या खेपेला खुर्च्या पुरल्या नव्हत्या. पोरं खिडकीच्या गजांना लटकली होती.

आज भात झाला, सुकी मासळी तळून झाली, टीव्ही सुरू झाला, तरी खुर्च्या तशाच होत्या. कोर्टावरून सुरा पाटावर आपटल्याचे आवाज येत होते. मांसाचा वास सबंध घरात भरला होता.

पडद्यावर राष्ट्रगीत सुरू झालं. कुणी तरुण गायिका लास व्हेगासच्या दिव्यांत उभी राहून गात होती, आणि तिच्या मागे इसोय छातीवर हात ठेवून उभा होता, ओठ हलवत. लोला तिनांग खुर्चीचे हात दाबून उठली. गुडघा कडकला. तिनेही छातीवर हात ठेवला. रोवेना तिच्याशेजारी उभी राहिली. मागे सगळ्या रिकाम्या खुर्च्या.

पहिल्या फेरीत इसोय चांगला लढला. दुसरीतही. प्रत्येक फेरी संपली की जाहिराती लागत, साबणाच्या, सिमेंटच्या, पैसे पाठवायच्या कंपनीच्या. मग नूडल्सची. तीत इसोय वाफाळत्या वाडग्यातून मान वर करून हसायचा आणि एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची.

“ही नटी,” लोला म्हणाली. “मला आधी विचारलं होतं त्यांनी. मग म्हणाले, तुम्ही आईसारख्या दिसत नाही.”

रोवेनाला हसावं की काय कळेना.

“माझ्यापेक्षा तीच आई जास्त दिसते, नाही? हात बघ तिचे. एक भेग नाही.”

चौथी फेरी झाली. पाचवी. पिशवी टीपॉयवर गुणगुणत होती. सहाव्या फेरीत इसोय खरंच मागे सरायला लागला होता. त्याचा डावा हात सारखा खाली येत होता, आणि तो वर घ्यायचा हे तो जणू विसरत होता. एकदा तो भलत्याच कोपऱ्याकडे वळला. पंचाने त्याला दंडाला धरून फिरवलं. कोर्टावर याच क्षणी माणसं ‘पाठ दाखवली’ म्हणून ओरडली असणार. रोवेनाने रिमोट उचलला.

“लोला, डोळे दुखतील तुमचे. बंद करू का? जेवून घ्या आधी.”

“राहू दे.”

“लोला—”

“मला माहीत आहे, इंदाय. ढोल वाजला नाही.” तिने पदरासारखा खांद्यावर टाकलेला पंचा सारखा केला. “आणि तुझी ती पिशवी सकाळपासून मधमाश्यांसारखी बोलतेय.”

रोवेनाचा चेहरा तापला. रिमोट हातातच राहिला.

“एवढंच सांग. आहे ना तो?”

“हॉस्पिटलात आहे. त्यापुढचं कुणालाच माहीत नाही, लोला. खरंच. मी सारखी बघतेय.”

म्हातारीने मान हलवली. सहावी फेरी संपल्याची घंटा झाली. इसोय धडपडत स्टुलापर्यंत आला, बसला. कुणी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. त्याने तोंड वर केलं, आणि जाहिरात लागली.

“कितव्यात?” लोलाने विचारलं.

“आता येईल त्यात.”

“हं.”

साबण झाला. सिमेंट झालं. लोला तिनांग आयुष्यभर या जाहिरातींना शिव्या घालत आली होती; मेल्यांना माझ्या पोराच्या मध्ये यायची काय हौस, असं ती दर खेपेला म्हणायची आणि खुर्च्यांमधले सगळे हसायचे. आज ती पुढे झुकून एकेक जाहिरात बघत होती, कधी नव्हे इतक्या मन लावून.

“लागू दे किती लागतात त्या,” ती म्हणाली. “त्या चालू आहेत तोवर तो स्टुलावर बसलाय. पाणी पितोय.”

नूडल्सची जाहिरात पुन्हा आली. इसोय हसला. नटीने हात फिरवला.

“शिव्या घालतायत का गं त्याला?”

“नाही,” रोवेना म्हणाली. “सगळे प्रार्थना करतायत.”

लोलाने तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी असलेल्या शेवटच्या रिकाम्या खुर्चीकडे.

फोन वाजायला लागला. या खेपेला नणंदच होती. जंजनने उलटी केली होती, अंग पुन्हा भट्टीसारखं झालं होतं, रडून रडून आई मागत होता. रोवेना उभी राहिली आणि तिथेच घोटाळली.

“जा,” लोला म्हणाली. “लेकरू आधी.”

“नेनेंगला पाठवते. तोवर हे बंद—”

“जा म्हणते ना. मी त्याला एकटा सोडून कुठे उठू आता?”

रोवेना दारापर्यंत पोचली. मागे जाहिरातीचं गाणं मध्येच तुटलं. गर्दीचा आवाज आला आणि सातवीची घंटा वाजली. तिने वळून पाहिलं नाही. खुर्चीचे पाय टाइल्सवर घासल्याचा आवाज मात्र तिने ऐकला. लोला उठली होती की खुर्ची पुढे ओढून बसली होती, कोण जाणे.

नेनेंगचं दुकान बंद होतं. कोर्टावर ताटं फिरत होती. “ये इंदाय, कातडी कुरकुरीत आहे अजून!” बेर्तोने हाक मारली. “लोलाकडे जा कुणीतरी,” ती चालता चालताच ओरडली. “हो हो, जातो की,” कप्तान म्हणाले, आणि बसल्या जागी त्यांनी ताट पुढे केलं.

नणंदेच्या घरी जंजन तिच्या मानेला घट्ट बिलगला. त्याचं कपाळ तिच्या गळ्याला चटके देत होतं. एका हाताने त्याला थोपटत तिने दुसऱ्या हातात फोन धरला. नवऱ्याचे आणखी तीन निरोप. पेजवर सगळे वाट बघत होते: लिनोगच्या माणसांनी काहीतरी बोलावं, माफी मागावी, नाहीतर भांडावं. तिने लिहायला घेतलं, ‘आपला वीर पराभूत झाला असला तरी’, आणि पुसून टाकलं. मग रागाचं काहीतरी लिहिलं. तेही पुसलं. पेजवर सगळं जग होतं, आणि कोर्टावरची माणसंही होती, तेलकट बोटांनी फोन चाळत. हाकेला उठली नाहीत, तरी हे वाचतील.

तिने लिहिलं:

“चॅपेलच्या मागे निळं घर आहे. आमच्या गावचे असाल तर तुम्हाला ते माहीत आहे. मागच्या खेपेला तुम्ही तिथे होतात. आत एक बाई एकटी टीव्ही बघतेय. माझ्या मुलाला ताप आहे, मला जाता येत नाही. तुम्ही जवळ असाल तर हातातलं ताट खाली ठेवा आणि जाऊन बघा. दार नुसतं लोटलेलं आहे. लढतीबद्दल काही बोलू नका. जेवलात का, एवढंच विचारा. आणि मग बसा. खुर्च्या मांडलेल्या आहेत.”